पोटभाडेकरूंची खानेसुमारी

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेनं आपल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीतून एकवीस नावं कमी केली. अशा यादीतून नाव कमी होण्याची कारणं मुख्यतः दोन. एक तर तो प्राणी सावरलेला असतो, त्याला संरक्षणाची गरज उरलेली नसते. नाहीतर तो प्राणीच उरलेला नसतो. ही एकवीस नावं दुसऱ्या कारणानं गेली. त्यांत दहा पक्षी होते, दोन मासे होते, एक वटवाघूळ होतं आणि आठ गोड्या पाण्यातले शिंपले होते.

बातमी जगभर छापून आली. पक्ष्यांचे रंगीत फोटो आले. गंमत अशी की, त्याहून मोठी चर्चा झाली ती यादीतून वाचलेल्या एका पक्ष्याची. २०२१ साली जो मसुदा निघाला होता त्यात तेवीस नावं होती आणि त्यात हस्तिदंती चोचीचा सुतार पक्षी होता. तो दक्षिणेतल्या कुठल्या तरी दलदलीत अजून टक-टक करत असेल, अशी आशा बाळगणाऱ्या मंडळींनी इतका गलबला केला की त्याच्यापुरता निर्णय राखून ठेवावा लागला. शिंपल्यांच्या बाजूनं असा गलबला झाला नाही. शिंपला गात नाही, उडत नाही, कुणाच्या कॅलेंडरवर येत नाही. आठ नावं अर्ध्या ओळीत आटोपली.

माझा आजचा विषय मात्र ते आठ शिंपलेही नाहीत. त्यांच्यासारख्यांच्या पोटात कोण राहतं, आणि घरमालकाचं नाव खोडताना त्या बिऱ्हाडकरूंचं काय होतं, हा आहे.

वाचकांना वाटेल, आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासलेल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला ही नसती उठाठेव कुणी सांगितली? पण दोन्ही धंद्यांचा मूळ प्रश्न एकच असतो: कोण कुणाच्या घरात राहतं आणि कोण कुणाचं देणं लागतं? शिंपल्याच्या पोटातल्या बिऱ्हाडाची हकीकत वाचत गेलो तेव्हा ती मला दोन्हीकडून ओळखीची वाटली.

घरमालक

आधी घरमालकाची ओळख करून घेऊ. उत्तर अमेरिकेतल्या नद्यांत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती नोंदलेल्या आहेत. जगात दुसऱ्या कुठल्याही खंडात एवढं वैविध्य नाही. शिंपला नदीच्या तळाशी वाळूत अर्धा रुतून बसतो, पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ आणि कण गाळून घेतो आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. काही जाती पन्नास-पन्नास वर्षं आणि त्याहूनही अधिक जगतात. नगरपालिकेनं पगार न देता ठेवलेला सफाई कामगारच म्हणा ना.

हा बैठा प्राणी आपली पोरंबाळं लांब पाठवतो कशी? तर माशाच्या पाठीवरून. नेमकं सांगायचं तर माशाच्या कल्ल्यांवरून. शिंपल्याची सूक्ष्म पिल्लं माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस किंवा आठवडे तिथं वाढतात आणि मग जिथं मासा गेला असेल तिथं तळाशी गळून पडतात. माशाला जवळ आणायच्या युक्त्या ऐकाल तर थक्क व्हाल. काही शिंपल्यांच्या मादीला छोट्या माशासारखी दिसणारी, डोळा-शेपटीसकट हलणारी झालर असते. मोठा मासा भक्ष्य समजून तिच्यावर झडप घालतो आणि तोंडभर पिल्लं घेऊन जातो. यादीतून गेलेल्या आठांपैकी सहा शिंपले ज्या कुळातले आहेत, त्या कुळातल्या काही माद्या तर माशाचं डोकंच शिंपल्यात पकडून धरतात आणि पिल्लं त्याच्या कल्ल्यांत सोडून मग त्याला मोकळा करतात. म्हणजे आज घरमालक म्हणून बसलेला हा प्राणी लहानपणी स्वतःच कुणाचा तरी बिनभाड्याचा भाडेकरू होता.

माणसानं या प्राण्याचा हिशेब प्रथम बटणांत केला. जॉन बोएपल नावाच्या जर्मन कारागिरानं १८९१ मध्ये आयोवा राज्यातल्या मस्कटीन गावी मिसिसिपीच्या काठावर शिंपल्यांची बटणं कापायला सुरुवात केली. १९०५ साली या एका गावातून वर्षाला दीड अब्ज बटणं निघत होती. जगातल्या एकूण बटणांपैकी ती सदतीस टक्के भरत, असं सांगतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या पेटीत चमकणारी शिंपल्याची बटणं असत, तसाच हा माल. काही वर्षांतच नदीचा तळ उजाड व्हायला लागला. मग सरकारनं जवळच फेअरपोर्टला शिंपल्यांच्या पैदाशीचं संशोधन केंद्र काढलं. बोएपल स्वतः अखेरीस त्याच केंद्रासाठी काम करू लागला. १९१२ साली एका शिंपल्यावर पाय पडून त्याला जखम झाली, ती चिघळली आणि त्यातच तो गेला. कादंबरीत मी असा शेवट लिहिला असता तर संपादकानं तो ओढूनताणून आणलेला म्हणून कापला असता.

पुढं प्लास्टिकची बटणं आली आणि हा धंदा बसला. पण तोवर नद्यांवर धरणं उभी राहू लागली होती.

बिऱ्हाडकरू

आता पोटभाडेकरू. त्याचं नाव माइट. हा शब्द अनोळखी वाटला तरी प्राणी ओळखीचा आहे. आपला शेतकरी ज्याला 'लाल कोळी' म्हणतो, ती कीड याच गटातली. कोळी आणि गोचीड यांचा हा चुलतभाऊ. त्यातले काही पाण्यात राहतात आणि पाण्यात राहणाऱ्यांपैकी 'युनिओनिकोला' या कुळातल्या अनेक जाती शिंपल्यांच्या आत राहतात. या नावाचा अर्थच 'शिंपल्याचा रहिवासी'. टाचणीच्या डोक्याएवढा, आठ पायांचा हा जीव शिंपल्याच्या कल्ल्यांत किंवा मांसल पायाजवळ मुक्काम करतो आणि तिथलाच श्लेष्मा नि पेशी यांवर गुजराण करतो. एका शिंपल्यात असे डझनावारी माइट सापडतात. त्यातही कित्येक जाती घराबाबत फार चोखंदळ असतात. एकाच किंवा दोन-चार जातींच्याच शिंपल्यांत त्या राहतात, शेजारच्या जातीच्या शिंपल्यात पाऊल टाकत नाहीत.

या बिऱ्हाडात कुटुंबव्यवस्थाही आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे रोनाल्ड डिमॉक यांनी १९८०च्या दशकात तिथल्या माइटांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की त्यातल्या एका जातीत एका शिंपल्यात बहुधा एकच नर असतो आणि बाकी साऱ्या माद्या. दुसरा नर आत आला तर पहिला त्याच्याशी झुंजतो, प्रसंगी जीव घेईपर्यंत. दोन बोटं लांबीच्या शिंपल्यात एक जनानखाना आणि त्याची राखण!

पण या जमातीची मला सर्वांत भावलेली गोष्ट १९३० सालची आहे. जॉन वेल्श या शास्त्रज्ञाला दिसलं की शिंपल्यातून बाहेर काढलेला माइट स्वच्छ पाण्यात ठेवला तर तो उजेडाकडं जातो. त्याच पाण्यात त्याच्या यजमान शिंपल्याचा अंश मिसळला, की तोच माइट पाठ फिरवतो आणि अंधाराकडं निघतो. विचार केला की याची संगती लागते. शिंपल्याच्या आत अंधार असतो. घराचा वास आला की दिवा सोडून अंधाराकडं जायचं, एवढंच त्या जीवाला ठाऊक असतं. मुंबईच्या गर्दीत दिवसभर उजेडात भटकून रात्री चाळीच्या अंधाऱ्या जिन्यात नेमका आपला मजला ओळखणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

महिन्याची शिल्लक

हे बिऱ्हाड वर्षभर सारखं नसतं, आणि इथंच मुद्द्याला सुरुवात होते.

थंड प्रदेशांतल्या या माइटांचं ढोबळ चक्र असं. हिवाळ्यात पाणी गारठलेलं असतं, तेव्हा प्रौढ माइट आत दबून असतात आणि हालचाल मंदावते. पाणी उबदार झालं की माद्या शिंपल्याच्या ऊतींत अंडी घालतात. त्यांतून सहा पायांच्या अळ्या निघतात आणि घर सोडून बाहेर पडतात. त्या शोधत असतात चिलटं. डासासारखी दिसणारी, पण न चावणारी, तळ्याकाठी संध्याकाळी ढगासारखी नाचणारी. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणारे ज्या 'लाल अळ्या' विकत आणतात, ती या चिलटांचीच बाल्यावस्था. माइटची अळी चिलटाला चिकटते, त्याच्याबरोबर पाण्याबाहेर हवेत जाते, प्रवास करते आणि पाण्यावर परतून पुन्हा शिंपला शोधते. आत शिरून ती ऊतींत रुतते, रूप बदलते, बाहेर येते, पुन्हा रुतते आणि मग कुठं प्रौढ होते. तोवर जुनी पिढी विरळ होत आलेली असते आणि नवी जागा घेते.

म्हणजे एकाच तळ्यातले तेच शिंपले जानेवारीत उघडले तर एक आकडा मिळेल, जुलैत दुसरा आणि ऑक्टोबरात तिसरा. नुसता आकडा नव्हे, अंडी किती, अळ्या किती, प्रौढ किती, नर किती, हे सारं प्रमाण बदललेलं असेल. म्हणून या विषयातल्या गंभीर अभ्यासकांनी एका वेळच्या मोजणीवर समाधान मानलं नाही. ते महिन्यामागून महिना त्याच पाण्यात उतरले, शिंपले काढले आणि आत कोण कोण आहे ते मोजत राहिले.

बँकेत काम केलेल्या कुणालाही हा मुद्दा पटकन कळेल. ३१ मार्चच्या रात्री ज्या शाखेची ठेवींची रक्कम फुगलेली दिसते, तिची ५ एप्रिलची शिलकी पाहावी. साहेबांनी ओळखीच्या व्यापाऱ्यांना चार दिवसांसाठी गळ घातलेली असते. चार दिवस उलटले की पैसा आल्या वाटेनं जातो. त्या रात्रीचा आकडा खोटा नसतो, पण तो शाखेविषयी खरं काही सांगत नाही. सामान्य खातेदारानंही हे अनुभवलं आहे. पूर्वी बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. पंधरा तारखेला मुलीच्या फीसाठी पैसे काढले की महिनाभराचं व्याज बुडालं! १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मोजलं जाऊ लागलं. खातं तेच, माणूस तोच, पैसाही तोच. मोजायचा दिवस बदलला आणि हिशेब बदलला.

सजीवांच्या बाबतीत आपण अजून बहुतेक ठिकाणी जुन्या पद्धतीनंच व्याज लावतो. प्रकल्प मंजूर करायचा असला की पाहणी होते. बऱ्याचदा एकाच ऋतूत होते, मंडळी जीपमधून येतात, नमुने घेतात, अहवाल देतात. अहवालात 'आढळले नाही' असं वाक्य असतं. मार्चमध्ये आढळलं नाही की सप्टेंबरात, हे तिथं विचारायचं असतं.

धरणानं बदललेला ऋतू

ऋतूचा प्रश्न नुसता मोजणाऱ्यांचा नाही. ज्यांना मोजायचं त्यांच्या जगण्या-मरण्याचाच तो आहे.

मोठ्या धरणाच्या तळाशी साठलेलं पाणी गार असतं. वीजनिर्मितीसाठी ते खालून सोडलं की धरणाखालच्या नदीत भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो. शिंपल्याला पिल्लं सोडायचा इशारा पाण्याच्या उबेतून मिळतो. तो इशाराच येत नाही. पिल्लांना वाहून नेणारे मासे एकतर धरणापलीकडं अडकलेले असतात किंवा गार पाण्याला कंटाळून निघून गेलेले असतात. शिंपला मात्र मरत नाही. त्याचं आयुष्य मोठं. वीस-तीस वर्षं तो तिथंच बसून पाणी गाळत राहतो, फक्त त्याला मूल होत नाही. पाहणी करणाऱ्याला नदीच्या तळाशी शिंपले दिसतात, तो 'आढळले' असं लिहून मोकळा होतो. कोकणातल्या काही वाड्यांतून फिरताना असंच वाटतं. घरं उघडी, अंगण सारवलेलं, ओटीवर आजोबा बसलेले. गाव जिवंत आहे असं कुणीही म्हणेल. शाळेचा पट पाहिला तर कळतं.

त्या आठ शिंपल्यांची कागदपत्रं पाहिली की हेच दिसतं. त्यांतले दोन अलाबामा-मिसिसिपी भागातल्या टॉम्बिगबी नदीचे. १९८४ मध्ये तिथं सुमारे ३७७ किलोमीटर लांबीचा टेनेसी-टॉम्बिगबी जलमार्ग पूर्ण झाला. जवळजवळ दोन अब्ज डॉलर खर्चून, बंधारे आणि कुलूपदरवाजे घालून वाहत्या नदीची तळ्यांची माळ केली गेली. या दोघांपैकी एक शेवटचा १९८४ मध्ये दिसला, दुसरा १९८६ मध्ये. संरक्षित यादीत दोघांची नावं घातली गेली १९८७ मध्ये. आणखी एक शिंपला शेवटचा दिसला १९७३ साली आणि यादीत आला १९९३ साली! वीस वर्षांनी. दोघे तर १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर कुणाला दिसलेच नव्हते. त्यांची नावं १९७६ मध्ये यादीत चढली. माणूस गेल्यावर वीस वर्षांनी त्याच्या नावानं आरोग्य विम्याची पॉलिसी काढावी, तसा हा प्रकार. कायदा वाईट नव्हता. कायदा १९७३ चा आणि मरण त्याच्या आधीपासून चाललेलं, हे एक. दुसरं म्हणजे, पट कुणी पाहत नव्हतं.

लॉकरचा पंचनामा

बँकेतला लॉकरधारक मरण पावला तर त्याच्या लॉकरला कुणालाही परस्पर हात लावता येत नाही. वारस किंवा नॉमिनी, बँकेचे अधिकारी आणि साक्षीदार यांच्यासमोर तो उघडायचा, आत काय काय आहे त्याची यादी करायची, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच चावी फिरवायची. मी अशा अनेक याद्यांवर सही केली आहे. सोन्याची बोरमाळ असे, मुदत ठेवीच्या पावत्या असत. एकदा तर केवळ एक बाळाचं कुंची-टोपडं निघालं होतं. तेही यादीत लिहिलं. आपल्या दृष्टीनं त्याची किंमत शून्य, पण ते होतं, हे लिहिलं गेलं.

२०२३ मध्ये आठ लॉकर बंद झाले. त्या एकवीस नावांत एकही माइट नाही. एखाद्या जातीचा माइट ज्या शिंपल्यावाचून जगूच शकत नाही, त्या शिंपल्याबरोबर तोही जातो आणि त्याचं जाणं कुठल्याही यादीत वेगळं लिहिलं जात नाही. शास्त्रज्ञ याला सह-विलोपन म्हणतात. २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिआन पिन कोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज मांडला होता, की त्या वेळी ज्या जाती संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या होत्या, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आणखी सुमारे ६,३०० जाती त्यांच्यासोबत धोक्यात आहेत. यादीबाहेरच्या, बिऱ्हाडकरू.

कधीकधी घरमालकाला वाचवतानाच भाडेकरू मारला जातो. कॅलिफोर्नियाचं कॉन्डॉर गिधाड १९८७ मध्ये जगात अवघं सत्तावीस उरलं होतं. सगळेच्या सगळे पिंजऱ्यात आणून त्यांची पैदास केली गेली. ती मोहीम यशस्वी झाली आणि आज कॉन्डॉर पुन्हा आकाशात आहेत. पण पकडलेल्या पक्ष्यांच्या उवा-लिखा औषधानं काढून टाकल्या गेल्या आणि त्यात फक्त कॉन्डॉरवरच राहणारी एक ऊ कायमची नाहीशी झाली. उलट उदाहरणही आहे. प्रवासी कबुतर १९१४ साली संपलं. त्याच्या अंगावरच्या एका उवेला शास्त्रज्ञांनी 'नामशेष' या अर्थाचंच नाव देऊन टाकलं. १९९९ मध्ये लक्षात आलं की ती ऊ दुसऱ्या एका जातीच्या कबुतरावर मजेत जगते आहे! यादी नसली की जिवंताला मृत ठरवलं जातं आणि मृताची नोंदच होत नाही.

आता वाचक विचारतील, आणि घरी मला विचारलंही गेलं, की उवा नि माइट गेले तर बिघडलं काय? बरंच झालं की! प्रश्न रास्त आहे. माइट शिंपल्याला उपकारक आहे असा माझा दावा नाही. तो त्याच्या जिवावर जगतो. पण टेनेसी आणि व्हर्जिनियातून वाहणाऱ्या क्लिंच नदीत काय घडलं ते पाहा. शिंपल्यांच्या दृष्टीनं अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत नद्यांपैकी ही एक. २०१६ पासून तिथं उन्हाळा सरता सरता आणि शरदाच्या सुरुवातीला शिंपले मोठ्या संख्येनं मरू लागले, विशेषतः एकाच जातीचे. शास्त्रज्ञांनी आजारी शिंपले तपासले, तसे निरोगीही तपासले. दोघांतही नाना विषाणू निघाले. त्यातला एक आजाऱ्यांत ठळकपणे अधिक सापडला, म्हणून संशयाची सुई त्याच्याकडं वळली. २०२० साली हे निष्कर्ष छापून आले. निरोगी शिंपल्यात एरवी कोण कोण राहतं, कुठल्या महिन्यात किती राहतं, हे माहीत असेल तरच आजाऱ्यात वेगळं काय आहे ते ओळखता येतं. घरात चोरी झाल्यावर पोलीस पहिला प्रश्न विचारतात: घरात एरवी कोण कोण असतं? त्याचं उत्तर ज्याच्याकडं नाही, त्याची फिर्याद लंगडीच राहते.

घर मोडणं ही इजा की नाही?

हा विषय आज तातडीचा झाला आहे तो आणखी एका कारणानं. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यानं संकटग्रस्त प्राण्याला इजा करायला बंदी आहे. 'इजा' म्हणजे काय? सरकारी नियमांनी तिची व्याख्या करताना प्राण्याच्या अधिवासाची अशी मोडतोड, की ज्यामुळं तो प्राणी प्रत्यक्षात मरेल किंवा जायबंदी होईल, तिलाही इजा मानलं. लाकूड व्यवसायातल्या मंडळींनी याला आव्हान दिलं. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं व्याख्या उचलून धरली. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं ही व्याख्याच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा, की प्राण्याला मारलंत, पकडलंत तर गुन्हा. त्याचं घर बदलणं ही वेगळी गोष्ट.

शिंपल्याला लावून पाहा हा युक्तिवाद. शिंपल्याला कुणी गोळी घालत नाही. नदीचं पाणी गार झालं, गाळ बसला, मासा अडला, एवढ्यानं तो संपतो. त्याच्या पोटातल्या माइटला तर कुणी हातही लावत नाही. त्याचं घर म्हणजे शिंपला, शिंपल्याचं घर म्हणजे नदी आणि नदीचं घर म्हणजे तिचे ऋतू. यातला कुठला मजला पाडला म्हणजे इजा होते आणि कुठला पाडला म्हणजे नुसता बदल होतो? आपल्या भाषेत 'धरणग्रस्त' हा शब्द आहे. कोयनेपासून उजनीपर्यंत तो आपण वापरत आलो. गावातल्या कुणाच्या अंगाला बोट न लावता गावाला ग्रासता येतं, हे या एका शब्दात आपल्या लोकांनी कधीच मान्य केलेलं आहे.

आपल्या काठावर

आपल्या नद्या-तलावांतही गोड्या पाण्यातले शिंपले आहेत. शास्त्रज्ञ ज्याला लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस म्हणतात, तो शिंपला मोत्यांच्या शेतीसाठी वापरला जातो. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेनं त्याचं तंत्र बसवलं आणि त्याचं प्रशिक्षणही दिलं. त्याच युनिओनिकोला कुळातले माइट भारतीय शिंपल्यांतूनही नोंदले गेले आहेत. स्वाती नक्षत्रातला थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात नैसर्गिक मोत्याच्या गाभ्याशी बहुधा एखादा आगंतुक जीव किंवा जखम असते. ज्याला हाकलता आलं नाही, त्याच्याभोवती शिंपल्यानं थर चढवले. थोडक्यात, पोटभाडेकरूची किंमत आपणही जाणतो, फक्त तो मोती होऊन बाहेर आला तर.

मोजणीच्या बाबतीत आपला ऋतू तर अमेरिकेपेक्षाही फसवा आहे. मे महिन्यात भीमेच्या पात्रात डबकी उरतात आणि दोन महिन्यांनी त्याच जागी पूर असतो. मे महिन्यातली पाहणी आणि सप्टेंबरातली पाहणी म्हणजे जणू दोन निराळ्या नद्यांची पाहणी. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नदीकाठच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडं सूक्ष्मदर्शक असतो, मुलं असतात, एक उत्साही शिक्षक असतो. दर महिन्याला ठरल्या तारखेला, ठरल्या जागेवर जायचं, पाण्याचं तापमान लिहायचं, मोजके शिंपले पाहायचे, आत कोण आहे ते लिहायचं आणि उरलेले होते तिथं ठेवायचे. असं बारा महिने. नंतर पुढची बारा. शाखेत रोज संध्याकाळी कॅश जुळवल्याखेरीज कुणी घरी जात नसे. त्यात शौर्य नव्हतं, पण वर्षाअखेरीचा ताळेबंद त्याच्याच बळावर उभा राहायचा.

काम रटाळ आहे, त्यातून फोटो निघणार नाहीत. पण उद्या एखाद्या बंधाऱ्याच्या, वाळूच्या लिलावाच्या किंवा कारखान्याच्या सुनावणीत कुणी 'इथं काही आढळलं नाही' असा कागद पुढं करील, तेव्हा टेबलावर ठेवायला ती वही हवी. पहिली नोंद ज्येष्ठात करायची की भाद्रपदात, असं कुणी विचारलं तर त्याला सांगावं: दोन्हींत.